ताण सोसणारे आटे निवडताना या चुका टाळा

"लोड जास्त आहे ना, मग चौकोनी आटे पाडा." हे ऐकलं की मी खडू घेऊन आकृती काढायलाच बसतो. चौकोनी आटे जाडजूड दिसतात म्हणून दणकट वाटतात. पण ते जॅक नि व्हाइससाठी आहेत, जिथे स्क्रू लोडखाली फिरतो आणि घर्षण कमी लागतं. नुसतं ओढून धरायचं असेल तर गाभा, म्हणजे आटे कापल्यावर आत उरलेला भरीव भाग, मोजा. 24 मिलिमीटरच्या रॉडवर 5 पिचचे (म्हणजे शेजारच्या दोन आट्यांत 5 मिलिमीटर अंतर असलेले) चौकोनी आटे पाडले की गाभा उरतो 19 चा, म्हणजे सुमारे 284 चौरस मिलिमीटर. त्याच रॉडवर एम24 चे, म्हणजे 24 मिलिमीटरचे नेहमीचे त्रिकोणी मेट्रिक, 3 पिचचे आटे पाडले तर ताण घेणारं क्षेत्र 353. शिवाय चौकोनी दात बुडाशी अर्ध्या पिचइतकाच जाड, मेट्रिकचा पाऊण पिच.

एका प्रेसचा टाय रॉड, म्हणजे चौकट ओढून धरणारा रॉड, असाच गेला. आटे चौकोनी, कोपरे काटकोनात. नटाच्या आतल्या पहिल्याच आट्याशी तुटला आणि तुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या रेघा होत्या. म्हणजे चीर रोज थोडी थोडी सरकत होती. दोष स्टीलला दिला गेला. महागडं स्टील आणून पुन्हा तेच आटे पाडले, आणि तोही रॉड तिथेच तुटला. साध्या नटात पहिला आटाच जवळजवळ एक तृतीयांश भार घेतो. तिथे धारदार कोपरा ठेवला तर स्टील काय करणार? तिसरा रॉड मेट्रिक, बुडाशी गोलाई देऊन केला, तेव्हा तुटणं थांबलं.

हीच गोलाई नवे टर्नर खाऊन टाकतात. टूल सुईसारखं टोकदार घासलं की आटा पटकन उतरतो, गेज बसतो, काम संपलं! ही घाई मला अजिबात खपत नाही. 8.8 आणि त्यावरच्या ताकदीच्या श्रेणीच्या बोल्टला बुडाशी निदान पिचच्या आठव्या हिश्शाइतकी त्रिज्या लागते, 3 पिचला 0.375 मिलिमीटर. विमानांसाठीच्या एमजे नावाच्या मेट्रिक आट्यात ती 0.15 ते 0.18 पिच ठेवतात. मी टूलचं टोक तेलदगडावर फिरवतो आणि भिंगातून पाहिल्याशिवाय पहिला कट घेत नाही. रोल केलेले, म्हणजे न कापता दाबून घडवलेले, आटे मिळत असतील तर लेथवर कापतच नाही.

बट्रेस आटा, म्हणजे एक बाजू जवळजवळ उभी आणि दुसरी तिरपी असलेला, एकाच बाजूचा भार घेतो. उलटा बसवलात तर तिरपी बाजू नट फाकवते.

10.9 श्रेणीच्या बोल्टला 8 श्रेणीचा नट लावू नका, आटे सोलून निघतील.

दुप्पट उंचीचा नट लावून ताकद दुप्पट होत नाही.

फाइन (बारीक) पिचनं गाभा वाढतो हे खरं. एम12 ला 1.75 पिचवर 84.3 तर 1.25 वर 92.1 चौरस मिलिमीटर. पण ॲल्युमिनियमच्या भोकात मी कोर्स (जाड पिचचे) आटेच पाडतो, आणि बोल्ट व्यासाच्या दुपटीइतका आत जाऊ देतो.