गाणी करणाऱ्या दोघांचं बिनसलंय? बँड आणि दोस्ती दोन्ही कशी सांभाळायची

मी कुडाळातल्या एका बँडमध्ये बास वाजवतो. आमच्यात गाणी करणारे दोघं, एक शब्दवाला आणि एक गिटारवाला, शाळेपासूनचे दोस्त, आणि मध्ये बराच काळ हे दोघं एकमेकांशी धड बोलत नव्हते. प्रॅक्टिसला यायचे, वाजवायचे, केबल गुंडाळायचे आणि आपापल्या गाडीवर बसून निघून जायचे. मालवण, सावंतवाडी, रत्नागिरी इकडचे ओळखीचे बँड बघितले तरी गोष्ट साधारण हीच असते. भांडण वरून दिसतं शोच्या पैशांचं नाहीतर कोण उशिरा आला त्याचं, पण जरा खणलं की खाली एकच निघतं, जुन्या गाण्यांत कुणाचं किती हे कधी कुणी बोललेलंच नसतं. म्हणून "चल, एक नवीन गाणं करू, होईल सगळं नीट" हा उपाय करू नका. जुन्याचा हिशेब झाल्याशिवाय नवीन गाण्याला हात लावायचा नाही, बाकी सगळं त्याच्या पुढेमागे बसवा.

बिनसलंय हे कसं ओळखायचं? स्टेजवर "आपलं गाणं"चं "माझं गाणं" झालं की समजा. यूट्यूबवर गाणं टाकताना खाली एकाचंच नाव आलं आणि दुसरा काही बोलला नाही, तर ते त्याहून वाईट, कारण तो विसरलेला नसतो, मनात ठेवून असतो.

पहिली भेट

व्हॉट्सॲपवर अजिबात सुरुवात करू नका, बँडच्या ग्रुपवर तर नकोच. रात्री बारानंतर व्हॉइस नोट पाठवायची नाही, आणि दोन पेग झाल्यावर तर फोनच लांब ठेवायचा. दुसऱ्याच्या घरी जा. एकट्याने जा, ड्रमरला सोबत घेऊन पंचायत बसवायला नको.

गणपती जवळ असतील तर त्याच्यासारखी वेळ नाही. आपल्याकडे एरवी बोलणं बंद असलं तरी गणपतीला दारात आलेल्या माणसाला कोणी परत पाठवत नाही. काकींना नमस्कार करा, पाया पडा, समोर येईल ते खा आणि आरतीला थांबा. तो मृदंग घेईल, तुम्ही झांज उचला. एक शब्द न बोलता दोघं परत एका ठेक्यात येता, आणि तालात डोळ्याला डोळा देऊन बघावंच लागतं, तेवढं त्या दिवसाला पुरे. बँडचा विषय त्या घरात काढायचाच नाही. निघताना चप्पल घालता घालता फक्त विचारा, "फाल्या सांजेक येतलंस?" (उद्या संध्याकाळी येशील?) येतो म्हणाला तर जागा ठरवा, नाही म्हणाला तर ताणू नका, परत विचारा आठवड्याने. गणपती लांब असतील तर शिमग्याला पालखी दारात येते तेव्हा जा, तेही नाही तर असाच साधा रविवार चालेल.

जुन्या गाण्यांचा हिशेब

ह्याला पूर्ण संध्याकाळ द्या आणि घाई करू नका. एका पानावर एक गाणं लिहा, त्याखाली शब्द, चाल, रिफ (गिटारवर परत परत येणारा तुकडा), अरेंजमेंट (कुठे कोणतं वाद्य वाजणार त्याची मांडणी) अशा चार ओळी. मग दोघांनी वेगवेगळ्या कागदावर, एकमेकांचं न बघता, कुणाचा किती वाटा ते लिहायचं आणि मगच कागद शेजारी ठेवायचे. बहुतेक गाण्यांत आकडे आसपासच निघतात, तिथे मधला आकडा घ्या, दोघांनी सही करा, पान उलटा. खरं भांडण दोन-तीन गाण्यांवरच असतं आणि वर्षानुवर्षं वाटत असतं की सगळ्यांवर आहे.

त्या दोन-तीन गाण्यांसाठी आठवणीवर जाऊ नका, पुरावा काढा. जुन्या फोनमधली रेकॉर्डिंग तारखेसकट असतात, मेमरी कार्ड शोधा, वह्या शोधा. आमच्याकडे पावसाने पानं चिकटलेली एक वही निघाली, शब्दवाल्याची. ज्या गाण्यावरून सगळ्यात जास्त वाजलं होतं त्याचं दुसरं कडवं त्या वहीत गिटारवाल्याच्या अक्षरात होतं, निळ्या पेनाने, बाजूला ई मायनर कॉर्ड लिहून गोल केलेला, आणि ओळीतला एक शब्द खोडून वर शब्दवाल्याने दुसरा लिहिलेला. दोघांपैकी कुणालाच हे आठवत नव्हतं. दोघं ते पान बराच वेळ धरून बसले, आणि मग ते गाणं अर्धं-अर्धं झालं, कुणाला काही पटवून द्यायला लागलं नाही.

आता कायद्याचं थोडं, कारण हे माहीत नसल्यानेच लोक अडकतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द आणि संगीत ही दोन वेगळी कामं धरतात, म्हणजे शब्द एकाचे आणि चाल दुसऱ्याची असेल तर दोघांचे हक्क वेगवेगळे. पण दोघांनी मिळून केलेलं वेगळं काढताच येत नसेल तर ते संयुक्त काम, आणि त्यावरचा हक्क दोघांपैकी जो शेवटी जाईल त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. म्हणजे आज लिहिलेला कागद तुमच्या पोरांना लागणारे, त्यामुळे नीट अक्षरात लिहा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क दुसऱ्याला असा सहज स्वतःच्या नावावर लिहून घेता येत नाही हेही लक्षात ठेवा. आयपीआरएसमध्ये, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेत, गाणी नोंदवताना दोघांनी तेच टक्के भरा, एकाने एक आणि दुसऱ्याने दुसरं भरलं की मिटवलेलं भांडण परत उभं राहतं.

नावांचा क्रमसुद्धा कागदावर घ्या, हसण्यावारी नेऊ नका. बीटल्सच्या लेनन आणि मॅकार्टनी यांनी पोरवयातच ठरवलं होतं की गाणं कुणीही केलं तरी नाव दोघांचं. पुढे लेनन १९८० मध्ये गेला, आणि २००२ मध्ये मॅकार्टनीने एका लाइव्ह अल्बमवर काही गाण्यांना स्वतःचं नाव आधी लावलं तर लेननची बायको योको ओनोने हरकत घेतली. इतकी वर्षं झाली, इतकं नाव झालं, तरी ते दुखणं शिल्लकच होतं.

बास आणि ड्रमवाल्यांचं पण त्याच बैठकीत बोला. गाणी दोघांची असली तरी शोचे आणि रेकॉर्डचे पैसे वेगळे. द स्मिथ्स ह्या इंग्लंडच्या बँडमध्ये गाणी करणारे मॉरिसी आणि मार प्रत्येकी ४० टक्के घ्यायचे आणि बाकी दोघांना १०-१० टक्के, पण लेखी काही नव्हतं, ड्रमर कोर्टात गेला आणि १९९६ मध्ये त्याला २५ टक्के मिळाले. आपल्याकडेही १९३२ चा भागीदारी कायदा तेच सांगतो, करार नसेल तर नफा सारखा वाटायचा. वाटणी कशी करायची ते तुमचं तुम्ही ठरवा, पण लिहा. आरईएम ह्या अमेरिकन बँडने गाणी बँडमधल्या सगळ्यांच्या नावावर ठेवली होती आणि २०११ मध्ये थांबले तेव्हा भांडून थांबले नाहीत, मला स्वतःला हीच पद्धत पटते, निदान लहान बँडला तरी.

परत गाणं करायला बसताना

जून ते सप्टेंबर धरा. बीचवरचे शो बंद, हॉटेलं बंद, कुणाला कुठे जायचं नसतं. खोलीत दोघंच हवेत, बाकी बँड नको, बायका-पोरं नको, रील काढणारा मित्र तर नकोच. रोलिंग स्टोन्सचे जॅगर आणि रिचर्ड्स ऐंशीच्या दशकात पेपरांतून एकमेकांवर बोलत होते, १९८२ नंतर स्टोन्सची टूर नव्हती, आणि १९८९ च्या सुरुवातीला दोघं बार्बाडोसला जाऊन बसले तेव्हा गाणी परत व्हायला लागली, त्याच वर्षी अल्बम आला आणि टूरसुद्धा. मधे कुणी निरोप्या नव्हता म्हणून झालं असं माझं मत आहे.

पहिल्या दिवशी कोरी सुरुवात नको, जुन्या रेकॉर्डिंगमधली एखादी अर्धवट राहिलेली चाल घ्या, जिच्यावर कुणाचा राग नाही. दोन तास पुरे. लाइट गेली तर अकूस्टिक गिटार आहेच. एकाने चाल वाजवली की दुसऱ्याने लगेच "पण" म्हणायचं नाही, पूर्ण दोनदा ऐकायचं, मग स्वतःच्या गिटारवर किंवा तोंडाने उत्तर द्यायचं, शब्दांत नाही. उठायच्या आधी वहीत तारीख आणि आज कुणी काय आणलं ते दोन ओळीत लिहा, आणि रेकॉर्डिंग दोघांच्याही फोनमध्ये गेलंय ना ते बघा. ही सवय लागली की वर्षाने परत हिशेबाला बसायची वेळ येत नाही.

आम्ही बाकीच्यांनी काय करायचं? खोलीची चावी द्यायची, चहा सांगायचा आणि निघायचं. एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, चांगलं असलं तरी नाही.

आणि काही वेळा नाही जमत. दोस्ती राहते पण एकत्र गाणं होत नाही, किंवा एकाला मुंबईला नोकरीवर जायचं असतं. मग सही केलेल्या कागदाखाली अजून तीन ओळी घाला: जुनी गाणी दोघंही आपापल्या शोमध्ये वाजवू शकतात, वाजवताना माइकवर दोघांचं नाव घ्यायचं, आणि कुणाला जाहिरातीला किंवा सिनेमाला गाणं द्यायचं असेल तर आधी दुसऱ्याला फोन. बँडचं नाव कोण वापरणार तेही लिहा. वेगळं झाल्याची पोस्ट दोघांनी बसून एकच लिहायची आणि एकाच वेळी टाकायची. पुढच्या गणपतीला त्याच्या घरी जायला कागद लागत नाही, ते तसंच चालू ठेवा.