गेमवर पैसे टाकण्याआधी हे सगळं बघून घ्या

मोठा गेम अनाउन्स झाला की ट्रेलरच्या खाली लगेच प्री-ऑर्डरचं बटण येतं, आणि माझं पहिलं सांगणं हेच की ते दाबू नका. दुकानात डिस्कच्या मोजक्या कॉपी यायच्या तेव्हा आधी बुक करण्यात अर्थ होता, आता डाउनलोड काय संपणार आहे का? पैसे आधीच जमा झाले की गेम पूर्ण करून द्यायचं प्रेशर कंपनीवर उरत नाही. सायबरपंक २०७७ आठवा. १० डिसेंबर २०२० ला आला, त्याआधी रिव्ह्यूवाल्यांना फक्त पीसीची कॉपी दिली होती, आणि सोनीच्या पीएस४ कन्सोलवर तो इतका वाईट चालत होता की सोनीने आठ दिवसांत तो स्टोअरवरून काढला, परत यायला जून २०२१ उजाडला. पुढे तो खरंच मस्त झाला हे मी मानतो, पण ज्यांनी सगळ्यात जास्त विश्वास टाकला त्यांच्याच वाट्याला सगळ्यात खराब गेम आला आणि जे थांबले त्यांना चांगला गेम कमी किमतीत मिळाला, हे मला अजिबात पटत नाही.

म्हणून रिलीजनंतर निदान दोन आठवडे थांबायचं. तुमच्याच कन्सोलवर किंवा तुमच्याच ग्राफिक्स कार्डवर कोणी चालवून दाखवलाय का ते यूट्यूबवर शोधायचं, कारण भारी पीसीवरचा व्हिडिओ बघून आपल्या मशीनवर काय होणार ते कळत नाही. स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, रिव्ह्यू बघताना एकूण टक्क्यांपेक्षा अलीकडचे रिव्ह्यू वाचा. घेतलाच तर स्टीमचा रिफंडचा नियम डोक्यात ठेवा, घेतल्यापासून १४ दिवस आणि खेळलेला वेळ २ तासांपेक्षा कमी, दोन्ही पाहिजे. पॉज करून जेवायला गेलात तरी तो वेळ मोजला जातो. त्यामुळे पहिले दोन तास कॅरेक्टरचं नाक-डोळे बनवण्यात घालवू नका, सरळ सेटिंग, फ्रेमरेट, कंट्रोलर, सेव्ह हे तपासा आणि पटलं नाही तर लगेच रिफंड टाका.

आता खरा राग येतो ती गोष्ट, गेमच्या आतली करन्सी. रुपये देऊन क्रिस्टल घ्यायचे, क्रिस्टलचे जेम करायचे, जेमचे विश (म्हणजे लॉटरीसारखे ड्रॉ) करायचे, आणि या सगळ्यात आपण किती रुपये घातले तेच विसरायला होतं, ते तसं व्हावं म्हणूनच हे केलंय असं माझं स्पष्ट मत आहे. यावर उपाय म्हणजे कागद घेऊन हिशोब करायचा. गेन्शिन इम्पॅक्टचं उदाहरण घ्या, एका विशला १६० प्रायमोजेम लागतात, ९० विशच्या आत एक पाच-स्टार, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचं कॅरेक्टर नक्की मिळतं, पण ते हवं तेच कॅरेक्टर असेल असं नाही, दुसरंच निघालं तर पुढच्या ९० मध्ये हवं ते येतं, म्हणजे वाईटात वाईट १८० विश, २८,८०० प्रायमोजेम. हा आकडा तुमच्या स्टोअरमधल्या पॅकच्या रुपयांत बदला आणि मग ठरवा. नशीब चांगलं असेल हे धरून बजेट करू नका, कायम वाईटात वाईट आकडाच धरा. जानेवारी २०२५ मध्ये याच गेमच्या कंपनीला एफटीसी या अमेरिकेच्या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेसोबतच्या सेटलमेंटमध्ये २ कोटी डॉलर मान्य करावे लागले, तिथे करन्सीचा हा घोळ हाही एक आरोप होता. आणि फोर्टनाइटवाल्या एपिकवर डिसेंबर २०२२ मध्ये लोकांकडून नकळत खरेदी करून घेतल्याबद्दल २४.५ कोटी डॉलर परत द्यायची वेळ आली.

घरात लहान पोरं मोबाइलवर बीजीएमआय खेळत असतील तर यूसी, म्हणजे त्या गेममधली करन्सी, कशी घेतली जाते ते आईबाबांनी एकदा स्वतः बघावं. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला व्हेरिफिकेशन मागायचं सेटिंग चालू करा, यूपीआय पिन पोरांना सांगू नका. आपल्याकडेही २०२३ पासून डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या डिझाइनविरुद्ध, केंद्राच्या गाइडलाइन्स आहेत, त्यात खोटी घाई लावणं आणि सबस्क्रिप्शनमध्ये अडकवणं हे दोन्ही येतं, तर असं काही दिसलं की स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा.

मग येतो ऑनलाइन-ओन्ली गेमचा प्रश्न. युबिसॉफ्टचा द क्रू २०१४ चा, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळायचा भागही गेला, कारण तोही सर्व्हरलाच जोडलेला. पैसे पूर्ण घेतले आणि गेम राहिला नाही, हे चुकीचंच आहे! यावरूनच रॉस स्कॉट या यूट्यूबरने स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम काढली आणि विकलेला गेम नंतरही खेळता यावा या त्यांच्या मागणीला जुलै २०२५ पर्यंत युरोपात १० लाखांवर सह्या मिळाल्या. सोनीने कॉनकॉर्ड हा ऑनलाइन गेम दोन आठवड्यांत बंद केला पण निदान सगळ्यांचे पैसे परत दिले, ते बरोबर केलं. स्टीमच्या कार्टमध्ये आता लिहिलेलं असतं की तुम्हाला मिळतं ते लायसन्स, म्हणजे वापरायची परवानगी, मालकी नाही. तर स्टोअर पेजच्या उजव्या बाजूला वेगळं अकाउंट लागतं का, डेनुवो (कॉपी रोखणारं लॉक) आहे का, इन-ॲप खरेदी आहे का हे वाचा, आणि तोच गेम जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात असेल तर तिथून घेऊन ऑफलाइन इन्स्टॉलर हार्डडिस्कवर टाकून ठेवा, तो कोणी काढून घेऊ शकत नाही.

सबस्क्रिप्शन वाईट नाही, पण लहान स्टुडिओचा गेम मनापासून आवडला तर तो वेगळा विकत घ्या. हाय-फाय रश हा गेम २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या गेम पास या सबस्क्रिप्शनवर आला, लोकांना जाम आवडला, तरी मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये तो बनवणारा टँगो गेमवर्क्स स्टुडिओ बंद करतोय असं जाहीर केलं, नंतर बीजीएमआयच्या क्राफ्टननेच ती टीम घेतली म्हणून बरं. गेम पास घेतलाच तर त्याच दिवशी ऑटो-रिन्यू बंद करा, भरलेला महिना संपेपर्यंत गेम चालूच राहतात, आणि पुढच्या महिन्यात खेळायला वेळ आहे का ते बघून परत चालू करा.