गोधडीच्या टाक्याकडून सायनोटाइपकडे: कापडावर काम करणाऱ्यांसाठी काही अनुभव

कापडावर हाताने काम करणाऱ्या व्यक्तीने नवे माध्यम निवडताना, आपल्या हाताला आधीपासून जे ठाऊक आहे ते तिथे कितपत उपयोगी पडेल, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा, असे माझे मत आहे. मी मुळात टाक्यांचे काम करते. जुन्या सुती कापडाचे थर एकमेकांवर ठेवून, गोधडीच्या साध्या धावदोऱ्याने शिवलेल्या, भिंतीवर लावायच्या कलाकृती हे माझे मुख्य काम आणि उत्पन्नाचे साधनही. त्याच्या जोडीला मी सायनोटाइप, म्हणजे उन्हाच्या मदतीने कापडावर निळे ठसे उमटवण्याची पद्धत, शिकले. चित्रकला किंवा मातीकाम न निवडता हेच निवडण्याचे कारण अगदी व्यावहारिक होते: या माध्यमातील निम्मे यश कापड ओळखण्यावर अवलंबून असते, आणि ती ओळख माझ्याकडे होती.

सायनोटाइप ही छायाचित्रणाच्या आरंभकाळातील पद्धत आहे. जॉन हर्शल या इंग्रज शास्त्रज्ञाने ती 1842 मध्ये शोधली आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स यांनी समुद्रशैवालांचे ठसे घेण्यासाठी तिचा उपयोग सुरू केला. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची वेगवेगळी द्रावणे करून ती समप्रमाणात मिसळतात, अंधाऱ्या जागी कापडावर लावतात, आणि वाळलेल्या कापडावर पान, जाळी किंवा निगेटिव्ह ठेवून ते उन्हात धरतात. उन्हातील अतिनील किरणांमुळे लोहाच्या क्षाराचे रूप बदलते आणि जिथे ऊन पोहोचले तिथे प्रशियन ब्लू हा निळा रंग धाग्यातच तयार होतो; झाकलेल्या भागातील क्षार पाण्याने धुऊन निघून जातात. रूढ प्रमाण 100 मिलिलिटर पाण्यात सायट्रेट 25 ग्रॅम आणि तितक्याच पाण्यात फेरिसायनाइड 10 ग्रॅम असे आहे. सायट्रेट हिरवे घ्यावे, तपकिरी प्रकार प्रकाशाला कमी प्रतिसाद देतो. दोन्ही द्रावणे गडद रंगाच्या स्वतंत्र बाटल्यांत ठेवावीत आणि दमट हवेत सायट्रेटच्या द्रावणावर बुरशी धरते, म्हणून ते एका वेळी थोडेच करावे. फेरिसायनाइडच्या नावाने घाबरण्याचे कारण नाही, मात्र ते तीव्र आम्लाजवळ किंवा आचेवर कधीही नेऊ नये. हातमोजे घालावेत, आणि या कामाची भांडी पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ देऊ नयेत.

कापडाबद्दल मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण नवख्यांचे बहुतेक ठसे रसायनामुळे नव्हे तर कापडामुळे बिघडतात. सुती, लिनन आणि रेशीम ही कापडे द्रावण शोषून घेतात. पॉलिएस्टर घेत नाही, आणि मिश्र धाग्याच्या कापडावर रंग फिकट, ठिपकेदार येतो. दुकानातून आणलेल्या कोऱ्या मांजरपाटाला खळ असते. ती काढल्याशिवाय द्रावण धाग्यात शिरत नाही, वरच्या वर राहते आणि धुताना निळ्या पाण्याच्या रूपाने वाहून जाते. खळ काढण्यासाठी धुण्याच्या सोड्यात कापड उकळावे, हे रंगकाम करणाऱ्यांना माहीत असतेच; पण सोड्याचा अंश कापडात उरला तर तोच पुढे निळा रंग मारतो, म्हणून भरपूर पाण्यात खळबळून शेवटच्या पाण्यात थोडे व्हिनेगर टाकावे. गोधडीसाठी आपण जपून ठेवतो ती जुनी लुगडी, धोतरे, झिजलेल्या सुती चादरी यांची खळ कधीच गेलेली असते आणि धागा मऊ पडलेला असतो; त्यांवर येणारा निळा कोऱ्या कापडापेक्षा खोल असतो, असा माझा अनुभव आहे. साबणाचा वर्षानुवर्षांचा अंश काढून टाकण्यापुरतीच त्यांची तयारी करावी लागते. म्हणजे ज्याच्याकडे गोधडीचे गाठोडे आहे त्याला या माध्यमासाठी कापड विकत घेण्याची फारशी गरज नाही. पाण्याकडेही लक्ष द्यावे. बोअरवेलचे जड, क्षारयुक्त पाणी निळाई खाते; तसे पाणी असेल तर पहिल्या धुण्यात व्हिनेगरचे काही थेंब टाकल्याने फरक पडतो.

द्रावण लावलेले कापड अंधारात पूर्ण वाळू द्यावे आणि शक्यतो त्याच दिवशी वापरावे, कारण दमट हवेत ते आपोआप काळवंडू लागते. दोरीवर लटकवून वाळवल्यास द्रावण खालच्या काठाला उतरते, म्हणून ते सपाट पसरावे. पुण्यात एप्रिल-मेच्या भर दुपारी दहा-पंधरा मिनिटांत ठसा तयार होतो, तर डिसेंबरात त्याहून बराच अधिक वेळ लागतो. पिवळट-हिरवे कापड आधी निळसर आणि मग मातकट राखाडी झाले की वेळ भरली असे समजावे. कापडावरचा रंग धुताना बराच उतरतो, त्यामुळे कागदापेक्षा कापडाला ऊन थोडे जास्त द्यावे. धुतल्यावर निळा फिका वाटला तरी निराश होऊ नये, हवेतील प्राणवायूने तो पुढच्या दिवसभरात गडद होत जातो. पावसाळ्यात अतिनील नळ्यांचा दिवा वापरता येतो, पण मी ते महिने शिवणकामासाठी राखून ठेवले आहेत आणि नवख्यांनाही तोच सल्ला देईन. ज्या माध्यमाला स्वतःचा हंगाम आहे, ते मूळ कामाचा घास घेत नाही.

तंत्र काही आठवड्यांत जमते. अवघड जाते ते निर्णय घेण्याची सवय बदलणे. शिवताना निर्णय शेकडो टाक्यांत विखुरलेले असतात. दोरा कुठे वळवायचा हे सुई हातात असताना ठरते आणि न आवडलेली ओळ उसवता येते. सायनोटाइपमध्ये रचना, कडा, पांढरी जागा, सर्व काही कापड उन्हात जाण्यापूर्वी ठरलेले असावे लागते आणि त्यानंतर कोणताही फेरफार शक्य नसतो. टाक्याच्या संथ लयीची सवय झालेल्या माणसाला ही घाई सुरुवातीला उद्धट वाटते. यावर मला सापडलेला उपाय म्हणजे कामापूर्वीची टिपणवही: कापडाचा तुकडा, महिना, वेळ, हवा, उन्हातील मिनिटे आणि धुतल्यानंतरचा नमुना, असे सारे एकाच पानावर. कार्यशाळेत शिकवलेली मिनिटे दुसऱ्या गावात, दुसऱ्या महिन्यात उपयोगी पडत नाहीत. आपल्या गच्चीची मिनिटे आपणच शोधावी लागतात.

माध्यम बदलले तरी हाताची जुनी ओळख पुसली जात नाही, याचे उत्तम उदाहरण म्हणजे ॲनी अल्बर्स. जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत शिकलेल्या या विणकर कलावतीचे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात 1949 मध्येच एकल प्रदर्शन झाले होते. 1963 मध्ये पती जोसेफ अल्बर्स यांच्यासोबत लॉस एंजेलिसच्या टॅमरिंड या छपाईच्या कार्यशाळेत गेल्या असता त्यांनी लिथोग्राफी, म्हणजे दगडावरून चित्र छापण्याची पद्धत, करून पाहिली आणि पुढील काही वर्षांत मागाऐवजी मुद्राचित्रणच त्यांचे प्रमुख माध्यम झाले. त्यांच्या त्या मुद्राचित्रांतील गुंतत, वळत जाणाऱ्या रेषा पाहिल्या की त्या धागा हाताळलेल्या माणसाच्याच आहेत हे लगेच कळते. वय साठीच्या पुढे असताना त्यांनी हे केले, हेही उशीर झाला असे मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. आपल्याकडे चित्रकार प्रभाकर बरवे यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी केली आणि चित्रांसाठी मात्र एनॅमल रंगांसारखे कारखानी माध्यम आपलेसे केले. तो प्रवास वेगळा असला तरी अभ्यासण्यासारखा आहे.

टाके ठशाआधी घालावेत की नंतर, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. आधी शिवल्यास सुती दोराही द्रावण शोषतो आणि कापडाबरोबर निळा होतो, तर पॉलिएस्टरचा दोरा पांढरा राहून वेगळा उठतो. एरवी टाळावा असा हा दोरा इथे कामी येतो. परंतु गोधडीच्या टाक्यांमुळे पृष्ठभागावर चुण्या पडतात, निगेटिव्ह सगळीकडे सारखा टेकत नाही आणि कडा धूसर होतात. धूसरपणा हवा असेल तर आधी शिवावे, पानाची शीरन्‌शीर हवी असेल तर नंतर. मी बहुधा नंतरच शिवते, कारण मग ठशातील पांढऱ्या जागा पाहून टाक्याची दिशा ठरवता येते आणि गमावलेले स्वातंत्र्य थोडे परत मिळते.

एका बाबतीत स्वतःची फसवणूक करू नये. गोधडी ही सोड्याने धुण्यासाठी आणि कडक उन्हात वाळवण्यासाठीच जन्मलेली वस्तू आहे, आणि प्रशियन ब्लूला नेमक्या याच दोन गोष्टी सोसत नाहीत. सोड्यातील क्षाराने तो पिवळा पडतो, उन्हाने विटतो. काही काळ अंधारात ठेवल्यास विटलेला रंग बराचसा परततो, पण क्षाराने गेलेला परत येत नाही. म्हणून सायनोटाइपची पांघरुणे करून विकणे मला पटत नाही, भिंतीवरचे काम मात्र निर्धास्त करावे. हाच क्षार विचारपूर्वक वापरला तर त्यातून दुसरा रंगही मिळतो: ठसा सोड्याच्या सौम्य पाण्यात फिका करून, स्वच्छ धुऊन हिरड्याच्या काढ्यात बुडवला की लोह आणि हिरड्यातील टॅनिन हे तुरट द्रव्य मिळून तपकिरी-काळी छटा येते. कलमकारीतील काळा रंग याच संयोगातून येतो. लोहाचा काळा रंग दीर्घकाळात सुती धाग्याला कमजोर करतो, त्यामुळे झिरझिरीत जुन्या कापडावर तो जपून वापरावा.

व्यवसायाच्या दृष्टीने सांगायचे तर नव्या माध्यमातील कामे जुन्या ग्राहकांसमोर लगेच ठेवू नयेत. एक सलग मालिका पूर्ण होईपर्यंत थांबावे, अन्यथा लोक ती हौस समजतात आणि किंमतही तशीच देतात. किंमत ठरवताना केवळ रसायनांचा खर्च आणि उन्हातील मिनिटे मोजली तर ती हास्यास्पद रीतीने कमी निघते. वाया गेलेले तुकडे, कापडाची तयारी आणि शिवणाचे तास तिच्यात धरावेत. प्रत्येक कामासोबत निगेची चिठ्ठी द्यावी आणि तिच्यात थेट ऊन टाळावे, धुण्याची वेळ आलीच तर रिठ्याच्या पाण्यात हलक्या हाताने धुवावे, डिटर्जंट लावू नये, असे स्पष्ट लिहावे. रंग काळाच्या ओघात थोडा बदलेल हे विक्रीपूर्वीच सांगितल्यास काही ग्राहक मागे फिरतात. जे थांबतात ते बहुधा पुढचे काम पाहायलाही येतात.