वळिवडे कॅम्पातल्या पोलिश माणसाचा माग काढायचाय? मग शेवटाकडून सुरुवात करा

जुन्या ट्रंकेत एखादा फोटो सापडतो, मागे निळ्या शाईत काहीतरी पोलिश नाव आणि "वळिवडे १९४५" एवढंच (कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासितांचा कॅम्प होता), नाहीतर परदेशातून कोणाचा तरी नातू मेल करतो की माझी आजी लहानपणी तुमच्या कोल्हापूरला होती, काही कळेल का. मग आपण काय करतो, नाव गुगलवर टाकतो, काही येत नाही, आणि सोडून देतो. तसं करू नका. माग निघतो, फक्त पोलंडकडून इकडे यायचं नाही, वळिवड्याकडून मागे मागे जायचं.

आधी नाव नीट करून घ्या, निम्मे लोक इथेच अडकतात. पोलिशमध्ये बापाचं आडनाव कोवाल्स्की असेल तर बायको आणि मुलगी कोवाल्स्का होणार, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्या काळी नोवाकची बायको नोवाकोवा आणि लग्न न झालेली मुलगी नोवाकुव्ना असंही लिहायचे, म्हणजे तीन वेगळी आडनावं दिसली तरी घर एकच असू शकतं. शिवाय त्यांच्यात एल अक्षरावर आडवी रेघ असली की उच्चार व होतो, आणि इकडच्या इंग्रजी टायपरायटरवर ती रेघच नव्हती. रशियन कागदात तेच नाव रशियन लिपीत, वर बापाचं नाव मधे घातलेलं. तेव्हा एका कागदावर सगळे शक्य स्पेलिंग लिहून काढा आणि जन्मसाल मिळवा. नुसत्या नावाने शंभर माणसं सापडतात, जन्मसाल असलं की दोन-तीनच उरतात.

आता उलटा रस्ता. वळिवड्याचा कॅम्प १९४३ ला सुरू झाला आणि १९४८ पर्यंत चालला, साधारण पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. लांबच लांब बराकी, शाळा, चर्च, दवाखाना, थिएटर, स्काउट, सगळं एक छोटं गावच. (जामनगरजवळच्या बालाचडीत जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी ठेवलेली मुलं वेगळी, ती गोष्ट आधीची, १९४२ ची. लोक दोन्ही कॅम्प सर्रास एकत्र करतात. पण तिथली काही मुलं नंतर वळिवड्याला आली, म्हणून दोन्हीकडे बघा.) वळिवड्याच्या मागे कराची, तिथला ट्रान्झिट कॅम्प. त्याच्या मागे इराण, म्हणजे अहवाझ आणि तेहरान. आणि त्याच्याही मागे कॅस्पियन समुद्रावरचं पहलवी बंदर, ज्याला आज अंझली म्हणतात.

इथे थांबा, कारण खरी गाठ इथे आहे. सोव्हिएत फौजा सप्टेंबर १९३९ मध्ये पूर्व पोलंडात घुसल्या, मग १९४० आणि १९४१ मध्ये चार मोठ्या खेपांत लोकांना घरातून उचलून सायबेरिया, कझाकस्तानकडे नेलं. जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर जुलै १९४१ मध्ये सोव्हिएत सरकार आणि लंडनमधून चालणारं परागंदा पोलिश सरकार यांच्यात सिकोर्स्की-मायस्की करार झाला, लोक सुटले आणि त्यांच्यातूनच जनरल अँडर्सची पोलिश फौज उभी राहायला लागली. ती १९४२ मध्ये इराणला बाहेर पडली, कॅस्पियनच्या पलीकडच्या काठावरच्या क्रास्नोवोद्स्क बंदरातून बोटींनी पहलवीला, पहिल्यांदा मार्च-एप्रिलमध्ये आणि दुसऱ्यांदा ऑगस्टमध्ये. एक लाखाहून जास्त माणसं आली, त्यात सैनिक जास्त पण हजारो बायका-मुलंही, आणि टायफस, हगवण, उपासमारीने खंगलेली. काही जण बंदरावर पोचून तिथेच गेले, म्हणून माग पहलवीला तुटत असेल तर अंझली आणि तेहरानच्या दुलाब कबरस्तानातल्या पोलिश कबरींची यादी आधी बघा, नंतर बाकीचं.

पहलवीनंतर घराच्या दोन वाटा होतात. बाप, मोठा भाऊ फौजेबरोबर इराक, पॅलेस्टाईन, इजिप्त करत इटलीला, मे १९४४ मध्ये मोंते कासिनोची लढाई, मग युद्ध संपल्यावर ब्रिटन. आई आणि धाकटी पोरं कराचीमार्गे आपल्याकडे, नाहीतर आफ्रिकेत तेंगेरू, मसिंदीला, नाहीतर न्यूझीलंडला. आईचा कागद सापडत नसेल तर बापाचा शोधा! फौजेची कागदपत्रं जास्त नीट राहिलीत आणि त्यात घरच्यांचा पत्ता लिहिलेला असू शकतो. घरात जुनी पाकिटं असतील तर त्यावर एम.ई.एफ. (मिडल ईस्ट फोर्स) दिसलं की बाप मध्यपूर्वेत होता आणि सी.एम.एफ. (सेंट्रल मेडिटेरेनियन फोर्स) दिसलं की इटलीकडे, एवढं कळलं तरी तारखा लावता येतात.

कुठे विचारायचं? रशियात नेलेल्यांसाठी वॉर्सातल्या कार्ता केंद्राने सुरू केलेला 'दडपशाहीग्रस्तांचा इंडेक्स', ऑनलाइन आहे, जन्मसाल आणि बापाचं नाव टाका. सैनिकांसाठी लंडनचं सिकोर्स्की म्युझियम आणि ब्रिटिश सरकारकडची पोलिश सैनिकांची नोंद. अमेरिकेतल्या हूवर इन्स्टिट्यूशनमध्ये अँडर्सच्या लोकांनी बाहेर पडल्यावर लिहून घेतलेल्या हजारो आठवणी आहेत, शाळकरी पोरांनी लिहिलेल्यासुद्धा, हे मला सगळ्यात भारी वाटतं, पण पोलिश हस्ताक्षर वाचायला माणूस लागेल. लंडनमध्ये भारतात राहिलेल्या पोलिश मंडळींची १९४२-४८ नावाने संघटना आहे, तिथे पत्र टाका. भारतातल्या फाइलींसाठी दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार आणि कोल्हापूरचं पुरालेखागार. एक लक्षात ठेवा, जुलै १९४५ ला ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढली, त्यामुळे त्याआधीचे कागद मुंबईच्या पोलिश कॉन्सुलेटच्या नावाने आणि नंतरचे दुसऱ्याच संस्थांच्या नावाने लागलेले असू शकतात, एकाच फाइलीत सगळं मिळेल ही आशा सोडा.

गावाचं नावही तपासा. कागदावर ल्वूफ असलं तर आजचं युक्रेनमधलं ल्वीव, विल्नो म्हणजे लिथुआनियाचं विल्नियस, ग्रोद्नो आज बेलारूसमध्ये. माणूस पोलिश म्हणून जन्मनोंद पोलंडमध्येच असेल असं धरून चाललात तर महिने फुकट जातील.

आणि स्वतः जायचं असेल तर कोल्हापुरातली पोलिश कबरस्तानाची जागा आणि महावीर गार्डनमधलं स्मारक बघा. दगडावरच्या अक्षरांची भीती नको. नावाआधी एस आणि पी (एसवर बारीक रेघ) असलं तर ते आपल्या कै. सारखं, 'ऊर.' म्हणजे जन्म, 'झ्म.' म्हणजे मृत्यू. फोटो काढताना ऊन तिरपं असताना काढा, सकाळी लवकर, म्हणजे खोदलेली अक्षरं उठून दिसतात, आणि खडू-पावडर अजिबात घासू नका, दगड खराब होतो. कॅम्पच्या जागी मात्र बराकींची रांग शोधत बसू नका, फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित राहायला आले आणि आज ते गांधीनगर आहे, कापडाच्या दुकानांचं. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, जुनी बराक कुठे होती ते तो बोट दाखवून सांगेल.