शाखा तीन, तक्ता एक: कंपनीतील निर्णयांचे नियम एकाच जागी कसे ठेवावेत

देवगडला खरेदी, रत्नागिरीत पॅकिंग आणि वाशीत विक्री अशी घडी असलेल्या एका आंबा कंपनीचे हिशेब पाहताना एकाच तक्रारीला तीन वेगवेगळी उत्तरे दिली गेल्याचे मला आढळले. पेटीत साका (आतून पांढरट, स्पंजासारखा झालेला गर) निघाला की देवगडचे कार्यालय फळ बदलून देई, रत्नागिरीचे निम्मे पैसे वळते करी आणि वाशीत गिऱ्हाईक जुने की नवे हे पाहून ठरे. तिघेही प्रामाणिकपणेच वागत होते. पण नियम कागदावर नव्हता, आणि जो थोडाफार होता तो बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रॅमरने बसवलेला असल्यामुळे मालकालाही वाचता येत नव्हता.

अशा वेळी सुरुवात नियमांपासून न करता निर्णयांपासून करावी. बागायतदाराला आगाऊ रक्कम किती द्यायची, व्यापाऱ्याला उधारी किती दिवसांची, कोणते फळ पेटीत आणि कोणते कॅनिंगला, यांपैकी जो निर्णय रोज अनेक हातांनी घेतला जातो तो आधी निवडावा. ‘तुमचा नियम काय?’ असे विचारले की माणूस आदर्श उत्तर देतो. त्याऐवजी गेल्या हंगामातील परताव्याच्या पावत्या समोर ठेवून ‘इथे पैसे का दिले?’ असे विचारले, तर खरा नियम बाहेर येतो.

मग तक्ता मांडावा. परताव्याच्या तक्त्यात डावीकडे तीन अटी येतील: पेटी पोहोचल्यापासून किती दिवसांत तक्रार आली, कापलेल्या फळाचा फोटो आहे का, आणि डझनामागे साक्याची फळे किती, उजवीकडे फक्त उत्तर. सीमारेषा इथेच तपासाव्यात. एका ओळीत ‘८ दिवसांपेक्षा कमी’ आणि दुसरीत ‘८ दिवसांपेक्षा जास्त’ असे लिहिले, तर बरोबर आठव्या दिवशी आलेल्या तक्रारीला कोणतीच ओळ लागू होत नाही, आणि कारकून पुन्हा स्वतःच्या मनाने ठरवतो. ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या डीएमएन (डिसिजन मॉडेल अँड नोटेशन) या निर्णय-तक्ते मांडण्याच्या मानकात, एका वेळी एकच ओळ जुळावी की जुळणारी पहिली ओळ घ्यावी, हे तक्त्यावरच नोंदवण्याची सोय आहे. माझ्या मते छोट्या कंपनीने ‘एकच ओळ’ हाच दंडक ठेवावा, कारण ओळींच्या क्रमावर अर्थ अवलंबून राहिला की मध्ये एखादी ओळ घातल्याबरोबर खालच्या ओळींचा अर्थ नकळत बदलतो.

तक्ता एकाच जागी असावा आणि सर्व शाखांनी, तसेच बिलाच्या सॉफ्टवेअरने, तिथूनच उत्तर घ्यावे. ड्रूल्ससारखी, असे नियम साठवून चालवणारी मुक्त-स्रोत प्रणाली त्यासाठी वापरता येते. मात्र पहिल्या हंगामापुरती सामायिक एक्सेल शीटही चालेल, फक्त ती बदलण्याचा अधिकार एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावा.

प्रत्येक ओळीला लागू होण्याची तारीख, संपण्याची तारीख आणि कारण जोडावे; जुनी ओळ कधीही पुसू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून जॅम-जेलीवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पण त्याआधी विकलेला माल परत आला तर क्रेडिट नोट जुन्याच दराने काढावी लागते, आणि ज्याने जुना दर खोडून नवा लिहिला त्याच्या तक्त्यात तो सापडत नाही.

बदल लागू करण्यापूर्वी गेल्या हंगामातील सर्व तक्रारी नव्या तक्त्यातून चालवून पाहाव्यात आणि जिथे उत्तर बदलते तेवढ्याच पावत्या शाखाप्रमुखांसमोर बसून तपासाव्यात.

नियमाबाहेर द्यावी लागलेली प्रत्येक सवलत कारणासह वेगळ्या वहीत लिहावी. आंब्याचा हंगाम आटोपून पावसाळा लागला की ती वही उघडावी. तेच कारण वारंवार आलेले दिसले, तर त्याची तक्त्यात नवी ओळ करावी.