पीएफचा कोविड अग्रिम दावा बँक तपशिलामुळे नामंजूर झाला तेव्हा

मी शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत नोकरीस आहे. 2021 च्या दुसऱ्या लाटेत पीएफमधून कोविडसाठीचा अग्रिम मागितला (ही सोय 2024 मध्ये बंद झाली), तर बँक तपशील चुकीचा असल्याचा शेरा मारून दावा परत आला. पासबुकाचा फोटो पुन्हा काढून जोडला, नावाचे स्पेलिंग ताडून पाहिले, शेरा तोच. वैताग आला.

कारण निराळेच होते. माझी बँक 2020 मध्ये दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती. खाते क्रमांक तोच राहिला, मात्र आयएफएससी, म्हणजे शाखेचा कोड, बदलला, आणि यूएएनच्या (पीएफ सदस्याच्या कायम क्रमांकाच्या) केवायसीत, म्हणजे ओळख व बँक तपशिलाच्या नोंदीत, जुनाच कोड होता.

प्रथम शाखेतून नाव व नवा आयएफएससी छापलेला धनादेश घेतला. मग यूएएन पोर्टलवर ‘मॅनेज’मधील ‘केवायसी’त खाते क्रमांक आणि नवा कोड भरून जतन केले. तेव्हा ही नोंद कंपनीने डिजिटल सहीने मंजूर करावी लागे, तोपर्यंत पुढे गेलो नाही. आमच्या टाइम ऑफिसला प्रत्यक्ष सांगावे लागले. त्यानंतर ‘ऑनलाइन सर्व्हिसेस’मधील ‘क्लेम’मध्ये खाते क्रमांक पडताळून फॉर्म 31 (अग्रिमाचा अर्ज) निवडला, कारण म्हणून कोविड-19 महासाथ नोंदवली, रक्कम व पत्ता भरला, नव्या धनादेशाची स्वच्छ प्रत जोडली आणि आधारच्या ओटीपीने दावा पाठवला.

मर्यादा शिल्लकेच्या 75 टक्के किंवा तीन महिन्यांचे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, यांपैकी कमी असेल ती होती. परतफेड नव्हती, तरी गरजेपुरतेच काढले, कारण 2019-20 साठी जाहीर झालेला 8.5 टक्के व्याजदर तेव्हा बँकेच्या मुदत ठेवीत मिळत नव्हता. या वेळी दावा मंजूर होऊन रक्कम खात्यात जमा झाली.