कंबरेच्या दुखण्यामागे काय असतं? वेचणीच्या दिवसांत या चुका टाळा

दिवाळीच्या मागेपुढे कापसाची वेचणी जोरात आली की आमच्या खान्देशात घरोघर एकच वाक्य ऐकू येतं: "मनी कंबर दुखी ऱ्हायनी." मग कोणी सांगतं गॅप पडला, कोणी सांगतं गादी सरकली. मेडिकलमधून गोळी येते, पट्टा येतो. बाई दिवसभर वाकली ती कुठून, हे मात्र कोणी विचारत नाही.

खरी गोम तिथेच आहे. वाकायचं असतं खुब्यातून आणि आपण वाकतो कंबरेतून. कण्यातल्या 33 मणक्यांपैकी वरचे 24 हलतात, खालचे एकमेकांना जुळलेले असतात. बाजूने पाहिलं तर मानेचा आणि कंबरेचा बाक आत असतो, पाठीचा बाहेर. कंबरेतून पार वाकून राहिलं की आतला बाक पुसला जातो, पाठीचे स्नायू जवळपास काम सोडतात आणि भार मणक्यांमधल्या गाद्यांवर नि मणके जोडणाऱ्या मागच्या बंधांवर जातो. तसंच राहिलं तर ते बंध सैलावतात. म्हणून चमक पुष्कळदा वेचताना भरत नाही, संध्याकाळी गाठोडं उचलताना भरते, आणि बोल लागतो गाठोड्याला.

घरीच तपासून पाहा. एक काठी पाठीला उभी धरा. ती डोक्याला, पाठीला आणि माकडहाडाला टेकली पाहिजे. आता गुडघे जरा सैल सोडून, ढुंगण मागे नेत वाका. काठी तिन्हीकडे टेकलेली राहिली तर वाकणं बरोबर. बहुतेकांची पहिल्या झटक्याला सुटते.

दुसरी चूक ओटीची, म्हणजे वेचलेला कापूस टाकायला कंबरेला बांधलेल्या झोळीची. ओटी पोटापुढे असते, भरत जाते तशी कंबरेला पुढे ओढते. "अजून चार झाडं" म्हणत ती गच्च भरायची सवय सोडा. वेचणीची मजुरी किलोवर, त्यामुळे फेरी महाग वाटते हे मला कळतं. तरी अर्धी ओटी झाली की रिकामी करून या, आणि त्याच फेरीत कंबरेवर हात ठेवून चार-पाचदा मागे झुका. खालची बोंडं उकिडवं बसून किंवा एक गुडघा टेकून वेचा.

रावेर-यावलकडे केळीचा घड वाहणाऱ्यांनी खांदा बदलत राहावं. घड घेतलेला असताना कमरेतून वळून गाडीत टाकणं सगळ्यात वाईट. पाय वळवा, अंग आपोआप वळेल. कंबरेचे मणके पिळण्यासाठी घडलेलेच नाहीत, ते काम पाठीच्या वरच्या भागाचं आणि खुब्यांचं. मोबाइलवर वाकून पाठ आखडली की तिच्या वाट्याचं वळणं कंबरेला करावं लागतं.

आता उलटी चूक. शाळेत मास्तरांनी "ताठ बैस" सांगितलं ते काहींनी आयुष्यभर मनावर घेतलं. गल्ल्यावर आठ तास काठीसारखं बसणंही कंबरेला सोसत नाही. मोठ्या माणसाच्या गादीला थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच, तिचं पोषण हालचालीवर चालतं. टेका, सरका, अर्ध्या तासाने उठा.

सकाळी उठल्या उठल्या अंगण झाडू नका. रात्रभर पाणी शोषून गाद्या फुगलेल्या असतात, तेव्हा खोल वाकलं तर ताण जास्त बसतो. आधी चहा होऊ द्या, नाहीतर लांब दांड्याचा झाडू घ्या.

पट्टा दोन-चार दिवस ठीक. हंगामभर बांधला तर स्नायू आळसावू शकतात.

पण चालताना एका पायातली चप्पल आपोआप निसटू लागली, मांड्यांमधला भाग बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर काठीही नको नि मालीशही नको. वेचणी राहू द्या, त्याच दिवशी दवाखाना गाठा.